वाचायला मनाई

“डोळे उघडा ना काका,” फोटो काढणारा म्हणाला. मी म्हटलं, “उघडेच आहेत.” त्याने कॅमेऱ्याआडून मान बाहेर काढून माझ्याकडे नीट पाहिलं आणि मागे रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. छापखान्यात सगळ्यांना नवी ओळखपत्रं द्यायची होती. त्यासाठी जेवणघराच्या भिंतीला पांढरा कागद चिकटवला होता आणि एकेकाला त्याच्यापुढे उभं करत होते. मी डोळे ताणले. ते ताणायचे तर भुवया वर न्याव्या लागल्या आणि कपाळावर आठ्यांची शिडी उभी राहिली. “आता घाबरल्यासारखे दिसताय,” तो म्हणाला. तिसऱ्या खेपेला त्याने नाद सोडला. त्या ओळखपत्रावर मी आहे तो असा, झोपलेल्या माणसाला कुणी बखोटं धरून उभं केल्यासारखा. एवढंच घडलं. याहून मोठं काही घडलं असतं तर पुढच्या सगळ्याला निदान तोंडदेखलं कारण तरी मिळालं असतं. पण नाही. एका अनोळखी माणसाने डोळे उघडा म्हटलं आणि मी, दोन वर्षांत चौपन्नचा होणारा बाप्या, पापण्या कापून घेतल्या.

डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी मला आरशापुढे बसवलं, बारीक चिमट्याने वरच्या पापणीची कातडी उचलली आणि म्हणाल्या, “एवढी काढायची.” चिमट्यात धरलेली ती घडी पाहून मी ओशाळलो. इतकी वर्षं हे मी चेहऱ्यावर घेऊन हिंडत होतो, आणि एवढ्याशा चिंधीपायी लोक मला आळशी, पेंगुळलेला, उदास काय काय समजत होते. ऑपरेशनच्या वेळी मी जागा होतो. दुखलं नाही. पण कात्रीचा आवाज आला, बाहेरून नव्हे, कवटीच्या आतून, आणि कुठेतरी जवळच कुणाचं तरी कापड बेतणं चाललंय असं वाटत राहिलं. मग घरी आलो. डोकं उंच उशांवर, डोळ्यांवर गोठवलेल्या मटारची पिशवी. पापण्या सुजून जांभळ्या झाल्या, टाक्यांपाशी मलम थापलेलं, त्यातून खोली साय धरलेल्या दुधासारखी दिसायची. पाणी सारखं गळायचं. रडू येत नसताना गालांवरून पाणी वाहत राहणं ही फार चमत्कारिक गोष्ट आहे. थोड्या वेळाने माणूस खरोखरच आपल्याला कशाचं वाईट वाटतंय ते शोधू लागतो. मला शोधावं लागत नव्हतं. बायको म्हणायची, “आरशात बघू नका. मीच दचकले.” आणि एकदा म्हणाली, “झोपेत तुमचे डोळे पुरते मिटतच नाहीत. पांढरं दिसत राहतं. मी कूस बदलून झोपते.” ते बसेल हळूहळू, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. ताण द्यायचा नाही, वाकायचं नाही आणि वाचायचं तर मुळीच नाही.

वाचायला मनाई म्हणजे माझ्या पोटापाण्यालाच मनाई. आमचा छापखाना औषधांच्या खोक्यात घडी घालून ठेवतात तो पातळ कागद छापतो. खोकं उघडलं की माणूस गोळी घेतो आणि कागद फेकतो. “हा कागद वाचणारी जगात दोनच माणसं,” मास्तर म्हणायचे, “एक तुम्ही, एक मी.” मास्तर कधी कुठल्या शाळेत शिकवत नव्हते. ते दिवसभर मोठ्याने वाचतात म्हणून त्यांचं नाव मास्तर पडलं, आणि मी त्यांच्यासमोर बसतो म्हणून ते मला जोडीदार म्हणू लागले. काचेच्या एका खोलीत आम्ही समोरासमोर बसत आलो. त्यांच्यापुढे औषध कंपनीकडून आलेली मूळप्रत, माझ्यापुढे छापायला तयार झालेलं प्रूफ. ते वाचणार, मी प्रुफावर बोट फिरवत जाणार. ते विरामचिन्हांसकट सगळं वाचत. “जेवणानंतर स्वल्पविराम भरपूर पाण्याबरोबर घ्यावी पूर्णविराम.” गोळीचं वजन असलं तर आकडा न् आकडा सुटा. बाहेरून जाणारे काचेतून बघत आणि हसत. मलाही सुरुवातीला हसू यायचं. मग एकदा त्यांनी सांगितलं की त्यांचे वडील आंधळे होते. मास्तर लहानपणी त्यांना पेपर वाचून दाखवत, आणि वडील म्हणत, थांबलास कुठे तेही सांग, नुसते शब्द नकोत, कागद दिसू दे मला. तेव्हापासून त्यांच्या वाचनाला मी हसलो नाही. आमच्या कामाचा कायदा एकच. एकट्याने तपासायचं नाही. डोळा लबाड असतो, कागदावर आहे ते सोडून असायला हवं ते वाचतो. म्हणून एकाचे डोळे आणि दुसऱ्याचा आवाज.

आणि या माणसाला मी सांगितलं की माझ्या डोळ्याच्या पडद्याला भोक पडलंय. व्यवस्थापकांकडे मी घरगुती कामासाठी म्हणून रजा मागितली होती, ती मिळाली. पण मास्तरांना तेवढ्यावर फसवता आलं नसतं. परत आल्यावर रोज हातभर अंतरावरून ते माझं तोंड बघणार, टाक्यांच्या खुणा दिसणार. खरं सांगायला तोंड उघडलं आणि जीभ वळेना. ज्यांनी आयुष्यात कधी शर्टाची इस्त्री बघितली नाही त्यांना कसं सांगायचं की मला बरं दिसायचंय. पडदा हा शब्द कुठून सुचला देव जाणे, पण एकदा निघाला तो निघाला. मास्तरांचा चेहरा उतरला. त्यांनी हातातली मूळप्रत खाली ठेवली, तीही उलटी, आणि मी बघतोय हे विसरून माझ्याकडे बघत राहिले. आंधळ्या बापाच्या मुलाला मी हे सांगत होतो, हे मला त्याच क्षणी कळलं. कळूनही मी पुढे म्हणालो, “कुणाला बोलू नका. मागे कागद कापणाऱ्या कटाईवाल्याचा हात थरथरतो म्हणून घरी बसवलं त्याला. माझंही तेच होईल.” ते म्हणाले, “माझ्याकडून चकार शब्द जाणार नाही.” तो गेलाही नाही.

पहिल्या संध्याकाळी त्यांचा फोन आला. “जोडीदार, डोळे मिटून पडा आणि ऐका,” असं म्हणून त्यांनी पेपर वाचायला घेतला. मथळा, उपमथळा, स्वल्पविराम, अवतरणचिन्ह सुरू. मी म्हटलं, “मास्तर, कशाला त्रास?” ते म्हणाले, “वाचणाऱ्या माणसाचं वाचन तोडलं की तो उपाशी राहतो. मला माहीत आहे.” त्यानंतर रोज संध्याकाळी. पाण्याची टंचाई, कुणाची तरी निवडणूक, बुद्धिबळाचा डाव, हरवलेल्या कुत्र्याची जाहिरातसुद्धा. त्यांचा आवाज फोनमधून येताना थोडा घोगरा वाटायचा, दिवसभर वाचून बसलेला. मी कानाला फोन लावून पडायचो, डोळ्यांवर मटार, गालावर ते बिनकामाचं पाणी. बायको दारात उभी राहून ऐकायची. एकदा फोन ठेवल्यावर म्हणाली, “खाई त्याला खवखवे. सांगून टाका त्यांना.” मी म्हटलं, “परत गेलो की सांगतो. समोरासमोर.” ती म्हणाली, “म्हातारचळ लागला तेव्हा मी काही बोलले नाही. पापण्या तुमच्या आहेत. पण हे बरं नाही.” मग मटारची पिशवी बदलायला घेऊन गेली. एक गोष्ट तर तिलाही सांगितली नव्हती. टाके काढून आल्यावर सूज उतरू लागली, तेव्हा मी न्हाणीघरात कडी लावून आरशात पाहिलं, आणि मला आवडलं. हिरव्यापिवळ्या डागांच्या मधून दोन उघडे डोळे माझ्याकडे बघत होते, तिशीतल्या फोटोत आहेत तसे. मी मान डावीकडे केली, उजवीकडे केली. बाहेर फोन वाजत होता, मास्तरांची वेळ झाली होती, आणि मी आरशापुढून हललो नाही. तो आनंद मी झटकून टाकायचा प्रयत्न केला. तो जाईना. पश्चात्ताप पुरता असता तर आरसा मला कुरूप दिसायला हवा होता.

काम कसं चाललंय असं मी विचारलं की ते म्हणायचे, चाललंय. बऱ्याच वेळा विचारल्यावर एकदा सांगितलं. व्यवस्थापक वरच्या खात्यातला माणूस बदली म्हणून द्यायला तयार होते. मास्तरांनी नको म्हटलं. “तुमच्या खुर्चीत एकदा दुसरा बसला की तो उठत नाही,” ते म्हणाले. “त्यात तुमच्या डोळ्यांचं असं. जागा सांभाळून ठेवलेली बरी.” मग दोघांचं काम एकटे करता कसे? त्यांनी युक्ती काढली होती. मूळप्रत वाचून स्वतःचा आवाज फोनमध्ये भरून घ्यायचा, मग तो आवाज लावून प्रुफावर बोट फिरवायचं. “स्वतःचाच मास्तर, स्वतःचाच जोडीदार,” म्हणून ते हसले. मी हसलो नाही. कायदा त्यांनीच मला शिकवला होता. मी म्हणायला हवं होतं की ताबडतोब बदली माणूस घ्या, माझी जागा कुठे जात नाही, माझे डोळे धडधाकट आहेत. मी म्हणालो, “जपून करा.”

मग एका संध्याकाळी फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी केला तर म्हणाले घसा बसलाय. आवाज ठणठणीत होता. त्याच्या पुढच्या दिवशी बांधणीखात्यातल्या पैलवानाचा फोन आला. हा पैलवान म्हणजे फुंकर मारली तर उडेल असा माणूस. “तुम्ही सुटलात बुवा,” तो म्हणाला. “मास्तर अडकले.” एका औषधाच्या कागदावर चूक गेली होती. गोळी आठवड्यातून एकदा घ्यायची, कागदावर छापलं गेलं दिवसातून एकदा. औषध कंपनीच्या माणसाने खोकी भरायच्या आधी पाहिलं म्हणून कागद बाहेर गेला नाही, पण छापलेला सगळा माल रद्दीत. मी पलंगाच्या कडेवर बसून ऐकत होतो. कुठल्यातरी घरात कुणाची तरी आई रोज सकाळी तो कागद बघून गोळी घेतेय असं डोळ्यांपुढे आलं, आणि मी पैलवानाला विचारलं की मास्तरांच्या हातून हे सुटलं कसं. “अहो, सुटलं नाही, त्यांनी तपासलं की,” तो म्हणाला. “प्रुफाच्या दोन प्रती होत्या टेबलावर. एक मूळप्रत समजून वाचली फोनमध्ये, दुसरी पुढ्यात ठेवून ऐकली.” म्हणजे प्रूफ प्रुफाशी ताडून पाहिलं. शब्दाला शब्द लागला, स्वल्पविरामाला स्वल्पविराम, सगळं तंतोतंत, म्हणून सही केली. जगात ही चूक फक्त आमच्या खोलीत होऊ शकते आणि आम्ही दोघे असतो तर तिथेही झाली नसती, कारण तेव्हा मूळप्रत एका बाजूला असते आणि प्रूफ टेबलाच्या पलीकडे, माझ्याकडे. “उद्या चौकशी आहे,” पैलवान म्हणाला. “निवृत्तीला वर्ष राहिलंय, त्याआधीच हाकलतील. बदली माणूस का नाकारला विचारलं तर गप्प बसतात. म्हणतात, गरज वाटली नाही. म्हातारा हटून बसलाय.”

हटून नाही. मी त्यांना गप्प राहायला सांगितलं होतं. खरं कारण त्यांच्याकडे होतं, जोडीदाराची जागा जाऊ नये म्हणून एकट्याने ओढलं, आणि ते कुणीही ऐकून घेतलं असतं. पण ते सांगायचं तर माझे डोळे उघड्यावर येणार. म्हणून नसलेल्या भोकासाठी एक माणूस आपल्या नोकरीचं अखेरचं वर्ष घालवत होता. मी खोलीत येरझाऱ्या घातल्या. वाकायचं नाही, ताण द्यायचा नाही, हे आठवून पुन्हा बसलो, आणि अशा वेळीसुद्धा आपण पापण्यांची काळजी घेतोय हे बघून स्वतःची किळस आली. फोन उचलला, ठेवला. बायको म्हणाली, “मी बोलू?” मी नको म्हटलं. संध्याकाळ व्हायच्या आधी दाराची बेल वाजली आणि मास्तर स्वतःच उभे होते, काखेत पेपर, हातात संत्र्यांची पिशवी.

त्यांना आत बसवेपर्यंत मी काळा चष्मा लावला. ते खुर्ची ओढून जवळ बसले, आमच्या खोलीत बसतात तेवढ्याच अंतरावर. “फोन चुकले,” म्हणाले, “म्हटलं आज समक्ष वाचू.” मग खिशातून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. भिंग होतं, पितळी कडीचं, मूठ झिजलेली. “वडिलांचं. नजर पुरती जायच्या आधी बरीच वर्षं यावर काढली त्यांनी. तुम्हाला लागलं तर असावं.” त्यांनी ते माझ्या हातात ठेवून माझी बोटं त्यावर मिटवली, मला दिसत नाही असं धरून. स्वयंपाकघरात बायकोने कप आपटला. मास्तर पेपर उघडू लागले. “उद्याचं काही मनात आणू नका,” ते पानं जुळवत म्हणाले. “एक वर्ष आधी घरी बसलो तर काय आभाळ कोसळतंय? तुमचं नाव मी येऊ देणार नाही.”

मी चष्मा काढला. त्यांनी पेपर खाली केला आणि पुढे वाकले. “दिसतंय का? मी दिसतोय का तुम्हाला?”

“दिसताय. मास्तर, माझ्या पडद्याला काही झालं नव्हतं.”

“बरं झालं का ते?”

“झालंच नव्हतं. पापण्यांची कातडी लोंबत होती, ती कापून घेतली. बरं दिसावं म्हणून.”

त्यांना ते लगेच कळलं नाही. त्यांनी आधी उजवा डोळा पाहिला, मग डावा, पापणीच्या घडीतली टाक्यांची तांबूस रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत. “दोन्हीकडची?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, दोन्हीकडची. “आणि मला असं का सांगितलंत?”

“लाज वाटली.”

“माझी?” ते म्हणाले. माझ्या गालांवरून पाणी आलं, आणि ते ऑपरेशनचं की माझं हे मलाही सांगता आलं नसतं, म्हणून मी ते घाईने पुसलं. त्यांना वाटू नये की मी रडून माफी मागतोय. “आता उद्या तुम्हाला सगळं सांगता येईल,” मी म्हणालो. “बदली माणूस का नाकारला ते सांगा. मी फसवलं म्हणून सांगा. माझ्यावर येऊ दे.”

मास्तरांनी पेपरची घडी घातली, मग ती पुन्हा मोडून नीट घातली. रागावले असते तर मी खाली मान घालून ऐकून घेतलं असतं. माझी तयारी तेवढ्याचीच होती. ते हळू आवाजात म्हणाले, “काय सांगू त्यांना? जोडीदाराने पापण्या कापल्या म्हणून माझी मूळप्रत चुकली? हसतील ते.” त्यांनी पेपर बाजूला ठेवला. “अहो, चूक झाली त्याचं मला लागलंच होतं. रात्री झोप नाही. पण मनाला एक सांगत होतो. आतापर्यंत मी कुणासाठी तरी चुकलो होतो. आता नुसता चुकलो.” बायको दारात कप घेऊन उभी होती ती तशीच उभी राहिली. मला वाटलं होतं खरं सांगितलं की त्यांचं ओझं उतरेल. उतरलं ते माझं. त्यांच्याजवळ उरलेली एक चांगली गोष्ट होती, तीही मी काढून घेतली. मास्तरांनी माझ्या मांडीवरचं भिंग उचललं, रुमालाने पुसलं आणि खिशात ठेवलं. संत्री तिथेच राहिली.

“मी येतो उद्या,” मी म्हणालो. “मीच सांगतो. हसू देत मला.”

ते दारापर्यंत गेले, चपला घातल्या. “या,” माझ्याकडे न बघता म्हणाले. “चष्मा लावू नका.”

सकाळी मी चष्मा टेबलावर ठेवून निघालो. ऊन डोळ्यांत टोचत होतं, नव्या पापण्या अजून पुरत्या लवत नव्हत्या, आणि रस्त्यावरचा जो तो माझ्या तोंडाकडे बघतोय असं वाटत होतं. कुणी बघत नव्हतं. व्यवस्थापकांच्या खोलीबाहेर बाकावर मास्तर बसले होते, धुतलेला शर्ट, गुडघ्यांवर हात. मी शेजारी बसलो. ते सरकले नाहीत. आत बोलावलं तेव्हा मीही त्यांच्याबरोबर उठलो. व्यवस्थापकांनी कागदांतून मान वर केली, मला बघून थोडे गोंधळले, मग त्यांचा चेहरा खुलला.

“अरे वा,” ते म्हणाले, “रजा मानवली की तुम्हाला. दहा वर्षांनी लहान दिसताय.”

हेच ऐकायला मी हे सगळं केलं होतं. इतक्या दिवसांत ते म्हणणारा पहिला माणूस समोर बसला होता, आणि क्षणभर, मास्तर शेजारी उभे असताना, मला बरं वाटलं. मास्तर माझ्याकडे वळले. त्यांनी मला उजेडात, शांतपणे पाहिलं आणि मान डोलावली, मजकूर बरोबर असला की डोलावतात तशीच, कारण ते खरं होतं.

“साहेब,” मी म्हणालो, “त्याचंच सांगायला आलोय.”